दुकानातली चिचुंद्री: ओळखायची कशी, बघायची कशी, बाहेर काढायची कशी

वाईत घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात आमचं किराणा दुकान आहे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी थाटलेलं. पुढं अजून लोखंडी शटर नाही, नंबर टाकलेल्या सागवानी फळ्या आहेत. रात्री एकेक फळी खाचेत सरकवायची, शेवटच्या फळीला आडणा आणि कुलूप. यातली सातवी फळी तळाला कुजली आहे. दोन बोटं जातील एवढी फट पडली आहे आणि तिथून चिचुंद्री आत येते. सुतार दोनदा माप घेऊन गेला, फळी अजून तीच आहे.

हे लिहायला बसलो ते गिऱ्हाइकांमुळं. पावसाळा लागला की रोज कुणीतरी विचारतं, "शेठ, चिचुंद्रीचं औषध आहे का?" कपाटात औषध आहे, पण ते उंदरांचं. चिचुंद्री आणि उंदीर यांतला फरक कळायला मला स्वतःला दुकानात बसून पंधरा वर्षं गेली, आणि तो कळला तोही नुकसान करून घेतल्यावर. म्हणून काउंटरवर दोन मिनिटांत जे सांगून होत नाही ते इथं सांगतो.

आधी रांगोळी टाका

तुमच्या घरात काय फिरतंय याची खात्री करून घ्या. रात्री दिवे गेल्यावर भिंतीकडेनं काहीतरी सुळकन गेलं, एवढ्यावर कुणाचंच नाव घेऊ नका. चिमूटभर पांढरी रांगोळी घ्या. ठिपक्यांची दगडी रांगोळी नको, पिठासारखी बारीक हवी. जिथून जनावर जातं असं वाटतं तिथं भिंतीला लागून हातभर लांब, चार बोटं रुंद पट्टा चाळणीनं पसरा. लाकडाची राखही चालते. मैदा वापरू नका, तो झुरळं खातात आणि पट्टा मोडतो.

सकाळी उजेड तिरपा पडेल अशी बॅटरी जमिनीलगत धरून बघा. पुढच्या पायाला चारच बोटं उमटली असतील तर उंदीर किंवा घूस. पुढं पाच आणि मागंही पाच असतील तर चिचुंद्री. ठसे लहान, दाटीवाटीनं पडलेले आणि भिंतीला धरून सरळ गेलेले असतात. मधूनच शेपटीची रेघ ओढलेली दिसते. उंदीर उड्या मारतो, त्यामुळं त्याचे ठसे तुटक पडतात. चिचुंद्री शिवणयंत्राच्या टाक्यासारखी एका दमात जाते.

समोर दिसलीच तर आधी नाक बघा. लांब, गुलाबी, टोकाला सारखं थरथरणारं नाक जबड्याच्याही पुढं आलेलं असतं. डोळे मोहरीएवढे. उंदराचे डोळे काळे, टपोरे, बाहेर आलेले असतात. हिच्याकडे पाहिलं तर डोळे आहेत का, असाच प्रश्न पडतो. अंगाची लव आखूड, मखमलीसारखी, राखाडी. शेपूट बुडाशी जाड आणि टोकाकडं निमुळतं, त्यावर विरळ लांब केस उभे असतात. उंदराच्या शेपटीवर असे केस नसतात.

माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्याचा मी गैरवापर केला. साबुदाण्याच्या रिकाम्या डब्यात सापडलेली एक चिचुंद्री डब्यासकट काट्यावर ठेवली, मग डब्याचं वजन वजा केलं. ५८ ग्रॅम. ५० ग्रॅम हिंगाची भरलेली डबी साधारण तेवढीच भरते. पुढच्या काही वर्षांत आणखी चार जणी मोजल्या (जणी म्हणतो खरा, त्यात दोन नर होते). सर्वांत हलकी ३६ भरली, सर्वांत जड नर ७४. नर मादीपेक्षा बराच थोराड असतो आणि वासही त्याचाच जास्त.

ती उंदरांच्या कुळातली नव्हेच, हे मला विश्वकोशाच्या कचेरीत काम करणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं, पाव किलो चहा बांधून घेता घेता. उंदीर, घूस, खार ही कुरतडणाऱ्यांची बिरादरी वेगळी. चिचुंद्रीचं जवळचं नातं जमिनीखाली राहणाऱ्या मोलशी आणि अंगाचा काटेरी चेंडू करणाऱ्या हेजहॉगशी. त्यांनी एका कागदाच्या पुडीवर तिचं शास्त्रीय नावही लिहून दिलं: संकस म्युरिनस. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७६६ साली तिची नोंद केली. म्युरिनस म्हणजे उंदरासारखी. म्हणजे शास्त्राच्या वहीतही बिचारीच्या नावापुढं उंदीर लागलाच. ती पुडी अजून गल्ल्यात आहे.

गोणी कुणी फोडली?

हा मुद्दा दुकानदाराच्या जिव्हाळ्याचा, म्हणून जरा सविस्तर.

उंदराच्या तोंडात १६ दात असतात. पुढचे चार पटाशीसारखे, पिवळट, जन्मभर वाढणारे. ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. पटाशी आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. चिचुंद्रीला ३० दात. पांढरे, बारीक, टोकदार आणि सलग. मध्ये फट नाही. पुढचे दोन वरचे दात आकड्यासारखे खाली वळलेले असतात. किडा पकडायला, त्याचं कवच फोडायला असे दात उत्तम. बारदान फाडायला, लाकूड पोखरायला, तांदूळ दळायला निरुपयोगी.

म्हणून गोणीच्या कोपऱ्याला भोक पडून खाली गव्हाची रास झाली असेल, तर तो उंदीर. साबणाच्या वडीवर दोन समांतर खाचा असतील तर उंदीर. वायर सोललेली असेल तर उंदीर. चिचुंद्रीच्या खाणाखुणा वेगळ्या असतात: कोपऱ्यात झुरळांचे पंख आणि पाय सांडलेले, कपाटामागं एकाच जागी केलेली ओलसर, काळपट, उग्र वासाची घाण. उंदराच्या लेंड्या कोरड्या, तांदळाएवढ्या, जातायेता कुठंही पडलेल्या. चिचुंद्री त्या मानानं शिस्तीची, तिची जागा ठरलेली असते. ती घाण वाळल्यावर काडीनं मोडून बघितली तर आत झुरळाच्या कवचाचे चकचकीत कपचे दिसतात. (हे मी करतो तेव्हा घरच्यांनी माझ्याशी बोलणं सोडलेलं असतं.)

ती खाते काय, याची मोठी यादी होईल. झुरळं, रातकिडे, भुंगेरे, वाळवी, गांडुळं, कोळी, सापडली तर पाल, उंदराची उघडी पडलेली पिल्लं. उरलंसुरलं मटण, मांजराच्या ताटलीतला दूध-भातही चाटते. एकदा गुळाच्या ढेपांपाशी पाऊण तास बसून मी मोजलं: सात मोठी झुरळं. डोक्याकडून सुरुवात. कुरुम्-कुरुम् आवाज चार हातांवर बसून ऐकू येतो. शरीर लहान, चुलाणा मोठा. पोटात सारखं काहीतरी टाकत राहावं लागतं. उपाशी राहायची तिची ऐपत नाही. पिंजऱ्याबद्दल पुढं सांगणार आहे, तेव्हा हे लक्षात ठेवा.

वासाबद्दलही गैरसमज फार. तिच्या दोन्ही कुशींवर कस्तुरीसारख्या वासाच्या ग्रंथी असतात. घाबरली, चेंगरली, किंवा नर माजावर असला की वास उठतो. साहेबाच्या काळात अशी समजूत होती की बाटलीवरून चिचुंद्री नुसती गेली तरी बूच मारलेली आतली दारू बिघडते. आमच्या गिऱ्हाइकांत हीच समजूत डाळीच्या बाबतीत आहे. खरं एवढंच की ती ज्या पोत्याला अंग घासून जाते त्या पोत्याला वास येतो. पोतं उन्हात टाकलं की दोन दिवसांत जातो. आतला माल बिघडत नाही. मांजराला मात्र हा वास सोसत नाही. मांजर चिचुंद्री मारतं आणि तिथंच टाकून देतं. सकाळी दारात अख्खी मेलेली चिचुंद्री दिसली तर बहुतेक वेळा विषाचा काही संबंध नसतो, मांजराचा खेळ झालेला असतो.

बघायला बसायचं तर

हौस असेल तरच हा भाग वाचा. मला ती लागली उशिरा, चाळिशीनंतर, आणि सुटली नाही.

वेळ आधी काढून घ्यावी लागते. मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर आषाढ ते कार्तिक नोंदी ठेवल्या. आमच्याकडे ती अंधार पडून वर्दळ थांबली की निघते. दुकान साडेआठला बंद, वर्दळ नऊला थांबते, नऊ वीस ते नऊ चाळीस या वेळात सातव्या फळीखाली नाक दिसतं. मग मधूनमधून येणंजाणं चालूच, आणि पहाटे साडेचारच्या सुमाराला पुन्हा एक जोरदार फेरी. तुमच्या घरची वेळ वेगळी असेल. चार रात्री रांगोळीचा पट्टा दर तासानं बघितलात की कळेल.

पांढरी बॅटरी तोंडावर मारली की ती उलट फिरते. बॅटरीच्या काचेवर आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबरानं बसवा. त्या उजेडाकडे ती फारसं लक्ष देत नाही. बसायची जागा भिंतीपासून पाच-सहा हात लांब. भिंत तिची वाट आहे, तिथं पाय पसरून बसलात तर ती येणारच नाही. मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बारदान घालून बसतो. डबा वाजता कामा नये. तिची नजर अधू, पण कान आणि नाक तिखट. मिशा भिंतीला टेकवत, नाक वरखाली करत ती पुढं सरकते. खोलीच्या मधून जात नाही, चारी भिंतींना वळसा घालून पलीकडे पोचते. सरळ गेली तर दहा पावलांचं अंतर, पण ती चाळीस पावलं जाईल. मिशांना टेकायला काहीतरी असल्याशिवाय तिला जग सुरक्षित वाटत नसावं.

दिवाळीला आम्ही फटाके ठेवतो. त्यात चिचुंद्री नावाचाच एक फटाका असतो, पेटवला की जमिनीवर वेडावाकडा सैरावैरा पळतो. खऱ्या चिचुंद्रीची चाल पाहिलेल्या माणसानं हे नाव ठेवलेलं नाही. बहुधा झाडू घेऊन तिच्या मागं लागलेल्या माणसानं ठेवलं असेल.

आवाज ऐका. चिक्-चिक्-चिक्, बारीक, धातूसारखा, मुठीत नाणी खुळखुळवावी तसा. चिनी लोक तिला पैशाचा उंदीर म्हणतात, या आवाजावरूनच. आमच्या आईचंही म्हणणं हेच होतं, की चिचुंद्री घरात वाजली की लक्ष्मी येते. अण्णा म्हणायचे, "येते ना, पण उधारीनं." दोन चिचुंद्र्या समोरासमोर आल्या तर हाच आवाज चढतो, तोंड उघडून एकमेकींवर ओरडतात. जमावानं राहणारं जनावर नव्हे; ज्याचं त्याचं घर वेगळं.

आणि नशीब असेल तर आगगाडी दिसेल. मला एकदाच नीट दिसली, श्रावणात, पावसानं मागची मोरी तुंबली होती त्या रात्री. पुढं आई, तिच्या शेपटीच्या बुडाशी दातांनी धरलेलं एक पिल्लू, त्याच्या शेपटीशी दुसरं, मग तिसरं, मग चौथं. आई भिंतीला वळली की मागची सगळी रांग त्याच ठिकाणी त्याच अंशात वळत होती. लांबून बघणाऱ्याला साप वाटावा. आमचा हमाल तिथंच होता, त्यानं फावडं उचललंसुद्धा. "अरे थांब, तिची पोरं आहेत," म्हणेपर्यंत रांग तांदळाच्या थप्पीमागं गेली. गर्भ साधारण महिन्याभराचा असतो. पिल्लं आंधळी, उघडी, गुलाबी जन्मतात. आठवडाभराची झाली की अशी रांग धरायला लागतात आणि वीसेक दिवसांची होईपर्यंत धरतात. घर बदलायचं असलं, धोका वाटला की आई रांग लावते. अशी रांग दिसली तर तोडू नका, उजेड मारू नका, पिल्लू उचलायला तर मुळीच जाऊ नका. शेवटचं सुटलं तर चिकचिक करतं, आई मागं येऊन त्याला पुन्हा लावून घेते. तेवढा वेळ द्या.

रद्दीच्या गठ्ठ्यात किंवा बारदानांच्या ढिगात कागदाच्या चिंध्या, सुतळीचे तुकडे, वाळलेली पानं यांचं वाटीएवढं घरटं सापडलं तर वरचं बारदान जसं होतं तसं टाकून द्या आणि दोन दिवस तिकडं फिरकू नका. आई सहसा स्वतःच मुक्काम हलवते.

मी काय केलं होतं

ही गोष्ट टाळता आली असती तर बरं झालं असतं, पण टाळली तर पुढचं सांगायचा अधिकार उरत नाही.

अण्णा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी कोठीत उंदीर माजले. गोण्यांना भोकं. रात्री बघायला गेलो तर भिंतीकडेनं चिचुंद्री. पुरावा समोर दिसतोय म्हटल्यावर मी निकाल लावून टाकला. अण्णांची रीत होती कणकेच्या गोळीत झिंक फॉस्फाइडची काळी पूड आणि वासाला बाजारातली सुकट कालवायची. तशा गोळ्या केल्या, भिंतीकडेनं ठेवल्या. दिवाळीला आठ दिवस होते.

तिसऱ्या दिवशी वास सुरू झाला. आधी बेसनाच्या पिंपाजवळ, मग सगळीकडे. फराळाचा माल घ्यायला आलेल्या बायका पदर नाकाला लावून यादी वाचत होत्या. वसुबारसेला कोठीतल्या दोन फरशा उपटल्या. खाली एक मोठी मादी मेलेली, आणि वीतभर अंतरावर घरट्यात तीन पिल्लं. त्यांनी गोळ्या खाल्ल्या नव्हत्या, ती नुसती उपाशी मेली होती. उंदीर एकही नव्हता. गोळीतल्या सुकटीमुळं ती चिचुंद्रीलाच जास्त आवडली होती. गोण्यांना भोकं पडत राहिली. त्या हिवाळ्यात गुळाच्या ढेपेखाली हात घातला की झुरळं मनगटावर चढायची.

या विषाची आणखी एक बाजू मला नंतर कळली. उंदराला ओकता येत नाही, पोटात गेलेलं बाहेर काढायची त्याच्या शरीरात सोयच नाही. चिचुंद्रीला येतं. जपानी संशोधकांनी १९८७ साली ओकारीच्या औषधांचा अभ्यास करायला ती उत्तम प्राणी असल्याचं मांडलं, आणि तेव्हापासून मळमळ, गाडी लागणं यांवरच्या प्रयोगांत तिचा उपयोग होतो. गाडी लागते म्हणून तुम्ही घाटात जी गोळी घेता तशा औषधांच्या चाचण्यांना असला प्राणी लागतो. ओकता येतं म्हणून ती विषातून वाचते असं नाही, हे मी फरशीखाली बघितलं.

म्हणून आता "औषध आहे का" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, गोणी कुरतडलीय का? नसेल तर औषध देत नाही. गोंदाचा पॅडही देत नाही. पॅडवर चिचुंद्री चिकटली तर रात्रभर ओढाताण करत, उपाशी मरते. कुणी आधीच लावला असेल आणि ती जिवंत असेल तर पॅडभोवती टॉवेल टाका, हातात जाड मोजे घाला, गोडेतेल थेंबथेंब सोडत पायाखालून सोडवा, अंगावरचं तेल कापडानं टिपा. घाई केली की कातडी निघते.

बाहेर काढायची ती अशी

घरात नको असेल तर हरकत नाही, मीही माजघरात येऊ देत नाही. झाडू घेऊन मागं लागू नका, वास उठेल आणि ती कपाटामागं जाऊन बसेल. तिच्या स्वभावाचाच उपयोग करा.

ज्या भिंतीकडेनं ती आहे ती भिंत बाहेरच्या दारापर्यंत मोकळी करा. चपला, केरसुणी, डबे सगळं बाजूला. आतली दारं लावा, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबा. मग भिंतीपासून वीतभर अंतरावर एक लांब फळी किंवा गुंडाळलेली सतरंजी भिंतीला समांतर टाका, म्हणजे भिंत आणि फळी यांच्यात गल्ली तयार होते. बाहेरचं दार उघडा, घरातले दिवे मालवा, आणि गल्लीच्या मागच्या टोकाला उभं राहून पायानं हलकेच दोनदा जमीन वाजवा. ती गल्ली सोडत नाही. सरळ दाराबाहेर जाते. आमच्या शेजारच्या काकूंकडे हे करायला चार मिनिटं लागली, त्यातली तीन चपला उचलण्यात गेली.

दार लांब असेल तर तीन इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्या, भिंतीला लागून आडवा ठेवा. अंधारी नळी दिसली की ती आत शिरते. दोन्ही तोंडांना फडकं कोंबायचं आणि बाहेर न्यायचं. परसात, दगडांच्या किंवा झुडपांच्या कडेला, अंधारात सोडायचं. भर रस्त्यात नको, दिवसा नको, कावळे टपलेले असतात. आणि दोन कोस लांब नेऊन सोडण्यात काही पुण्य नाही, तिथल्या वाटा तिला ठाऊक नसतात.

पिंजरा लावायचाच असेल तर आत उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा सुकट ठेवा, भजी नको. दर दोन तासांनी उठून बघा. जमणार नसेल तर लावू नका. संध्याकाळी अडकलेली चिचुंद्री सकाळी गार पडलेली मिळते.

परत येऊ नये म्हणून मोरीच्या भोकाला अर्ध्या इंचाच्या आतली जाळी, दाराखाली रबराची पट्टी. आणि दारावरचा पांढराफेक दिवा बदलून पिवळा लावा. पांढऱ्या दिव्याला किडे जमतात, किड्यांमागं ती येते. पावसाळ्यात बिळात पाणी शिरतं म्हणूनही येते, त्याला इलाज नाही. पंधरा दिवस सोसा.

न्हाणीघरात एक गोष्ट जरूर करा. चिचुंद्रीला उडी मारता येत नाही, गुळगुळीत चढावर चढता येत नाही. पसरट घमेल्यात, हौदात पडली की बाहेर येता येत नाही, पोहून पोहून बुडते. रात्री बादल्या पालथ्या घाला, हौदात एक खरबरीत फळी तिरपी सोडून ठेवा.

हात लावण्याआधी

ती विषारी आहे, चावली की माणूस मरतो असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. अमेरिकेत एका जातीच्या चिचुंद्रीच्या लाळेत विष असतं, आपल्या घरातलीच्या नसतं. पण जनावर ते जनावर. अंगावर पिसवा असतात, मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरू शकतो. वेल्लोरजवळच्या थोट्टापालयम इथं १९६४ साली एका चिचुंद्रीत एक विषाणू सापडला, तो पुढं हंता नावाच्या, माणसाला आजार देणाऱ्या विषाणूंच्या गटातला निघाला. हा गट तोवर उंदरांचाच मानला जायचा. माणसाला त्यापासून आजार झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी उघड्या हातानं धरायची हौस नको. तिची घाण कोरडी झाडू नका. ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्यानं पुसा. चावलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. ती आपण होऊन चावायला येत नाही. पाचही जणींनी मला डब्यात जाताना फक्त शिव्या दिल्या.

गव्हाणी घुबडाची गोळी

जुन्या वाड्याच्या माळ्याखाली, देवळाच्या दीपमाळेजवळ काळपट, अंगठ्याएवढ्या केसाळ गोळ्या पडलेल्या दिसल्या तर उचला. गव्हाणी घुबड शिकार अख्खी गिळतं आणि न पचलेले केस-हाडं अशी बाहेर टाकतं. मांजराला नको असलेली चिचुंद्री त्याला मात्र चालते. गोळी कोमट पाण्यात तासभर भिजवा, सुईनं सोडवा. पिवळे पटाशीचे दात आणि मागं मोकळी जागा असली तर उंदीर. लांबट, चिंचोळी कवटी, गालाचं कमानदार हाड नाही, आणि पांढरे टोकदार दात सलग असले तर चिचुंद्री. आमच्या नातीनं एका गोळीतून दोन कवट्या काढल्या आणि काड्यापेटीत घालून शाळेत नेल्या. बाईंनी काड्यापेटी उघडल्यावर वर्गात काय झालं ते मी इथं लिहीत नाही.

या प्राण्याचा मूळ मुलूख आपला, दक्षिण आशियाचा. तिथून ती जहाजातल्या मालाबरोबर आफ्रिकेचा पूर्व किनारा, अरबस्तान, मादागास्कर, मॉरिशस करत पार पॅसिफिकमधल्या ग्वामला पोचली, तिथं १९५३ साली. त्या बेटांवर तिनं सरडे, पाली आणि किड्यांचा फडशा पाडला, तिथल्या लोकांना ती नकोशी आहे आणि त्यांचं बरोबर आहे. कुणाच्या तरी गोणीतूनच गेली असणार. धान्याच्या गोणीत शिरायला तिला किड्यांचं निमित्त पुरतं.

माझ्या कोठीत आता गोण्या जमिनीवर नाहीत, वीतभर उंच घडवंच्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब आहेत. भिंतीकडची ती गल्ली झाडून मोकळी ठेवलेली असते. सातव्या फळीखालून उंदीरही येतात, हे कबूल. त्यांच्यासाठी दोन पिंजरे, आत भजी. चिचुंद्री भज्याकडे बघत नाही.

परवा सुतार तिसऱ्यांदा आला. "शेठ, या खेपेला तरी बदलायची का?" म्हणाला. बदल म्हटलं, पावसाचं पाणी आत येतं. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, माप घेतलं आणि फळीच्या मागच्या बाजूला मी सांगितलं ते लिहून ठेवलं: भिंतीकडच्या कोपऱ्यात दोन बोटं सोडणे.